वजन वर गेलं होतं

प्रिय हमीद,

परवा सलीम आला होता. बजाजनगरच्या त्याच्या व्यायामशाळेत दारासमोरच्या भिंतीवर तुझा फोटो लावायचा आहे. त्याखाली चार ओळी हव्यात. "काका, तुम्हीच लिहा. अब्बांबरोबर हैदराबादला तुम्हीच होतात ना?" आणि मग स्वतःच सांगू लागला, "दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांसाठी निवड होणार होती, पण शेवटच्या वजनाला हात थकले, असं लिहा. अब्बा असंच सांगायचे."

मी हो म्हणालो. तो गेल्यावर कागद घेऊन बसलो आणि 'हात थकले' हे दोन शब्द माझ्याच्यानं लिहवेनात. तुला जाऊन महिना होत आला. सलीमसाठी लिहायच्या आधी तुलाच लिहावं असं वाटलं. एरवी तुला पत्र लिहायची वेळ कधी आली? छावणीत तुझं घर माझ्यापासून चार घरं सोडून.

आपली तालीम आठवते ना? पोलीस ॲक्शननंतर तिला कुलूप लागलं. तालमीत जाणारा मुसलमान पोरगा म्हणजे रझाकारच, असं लोक तोंडानं म्हणत नसत, नजरेनं म्हणत. मी नुकताच कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. पाच-सहा वेळा अर्ज केला, तेव्हा कुठं किल्ली मिळाली. त्या सकाळी तू मातीला हात लावलास आणि म्हणालास, "दत्त्या, कारकून हुआ तू, पर काम का निकला रे!" एवढं कौतुक तू माझं पुन्हा कधी केलं नाहीस.

तुझ्या घरी मात्र सामान अर्धं बांधलेलं होतं. तुझे अब्बाजान कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहायचे. राज्य बदललं, कागद बदलले, आणि त्यांच्यासमोरची चटई रिकामी पडू लागली. कराचीला त्यांचे भाऊ बोलवत होते. तू जायला तयार नव्हतास. एक दिवस माझ्यासमोर ते तुला म्हणाले, "ठीक है. तू मुल्क की तरफ से दिल्ली में खड़ा रह के दिखा. फिर मैं इस मोहल्ले से नहीं हिलता."

हमीद, मला हे माहीत होतं. मी तिथंच बसलो होतो. म्हणून तर आजवर ते मला सोडत नाही.

हैदराबादच्या निवड चाचणीची ती सकाळ! साडेसदुसष्ट किलोंच्या आतला तुझा गट, आणि काट्यावर तू थोडा जास्त भरलास. आदल्या दिवसापासून तुझ्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. मग तू घोंगडं पांघरून मैदानाला फेऱ्या मारायला लागलास आणि मी तुझ्याबरोबर धावू लागलो. चौथ्या फेरीला तू धापा टाकत म्हणालास, "तू कायकू भाग रहा रे? तेरा वजन कौन कर रहा है?" मला लई हसू आलं. काट्यावर पुन्हा चढलास तेव्हा बरोबर बसलास. तिथल्या एकाने विचारलं, "कुठले?" तू म्हणालास, "औरंगाबाद. दोघं पण."

तालमीतली पद्धत सलीमला माहीत नाही. आपले उस्ताद म्हणत, उचलणाऱ्याने स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही. वजन डोक्यावर गेलं, कोपरं सरळ झाली, की समोरचा ओरडणार, "रख!" ते ऐकल्याशिवाय खाली ठेवायचं नाही आणि ऐकल्यावर क्षणभर धरायचं नाही. तुझ्यासमोर उभा राहणारा कायम मीच. किती हजार वेळा मी तुला "रख" म्हणालो असेन!

शेवटचं वजन तू खांद्यावर घेतलंस, श्वास घेतलास, आणि वर फेकलंस. कोपरं सरळ. पाय एका रेषेत आले. हललासही नाहीस. पंच इशारा देईपर्यंत धरलं असतंस तर सिकंदराबादचा तो उंच मुलगा मागे पडला असता. मी लोकांमध्ये उभा होतो. मला काही भान राहिलं नाही. मी पूर्ण ताकदीनं ओरडलो, "रख!"

आणि तू ठेवलंस. पंचांचा हात तेव्हा निम्मासुद्धा उठला नव्हता; उचल बाद झाली.

परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलास. मी विचारलं, "काही खातोस का?" तू म्हणालास, "हौ, अब तो खा सकता." घरी गेल्यावर अब्बाजानना सांगितलंस, "हाथ थक गए." मी दारात उभा होतो. मी का नाही बोललो? त्याच उन्हाळ्यात अब्बाजान, अम्मा आणि तुझी बहीण जुबेदा कराचीला गेले. तू एकटाच राहिलास. अम्मा वारल्याचं पत्र कराचीहून आलं तेव्हा तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. ते तू मला वाचायला दिलंस. आपण दोघं एकाच उर्दू शाळेतले. मी वाचलं, घडी घातली, परत दिलं. 

एकदाच बोलायला गेलो. छावणीतल्या हॉटेलात, आपले केस पिकल्यावर. "हमीद, त्या दिवशी ते 'रख'..." एवढंच म्हणालो.

"मालूम है. चहा पी."

"तुला तेव्हाच कळलं?"

"तेरा आवाज नहीं पहचानूँगा क्या? हजार लोकां में पहचानूँगा." मग बशीत चहा ओतत म्हणालास, "और रखा किसने? हाथ तो मेरे थे ना."

तेव्हा मी चहा संपवला. पण आज विचारतो. मला एकदा शिवी का दिली नाहीस? अब्बाजानसमोर माझं नाव घेतलं असतंस तर ते माझ्यावर चिडले असते, तुझ्या हातांना कमी समजले नसते. मुलाला, नातवंडांना, तालमीतल्या पोरांना, सगळ्यांना तू तेच सांगत राहिलास. माझी लाज झाकायची म्हणून स्वतःला कमी करून घ्यायचं, हे तुला कुणी शिकवलं? मला त्याचा राग येतो, हमीद. तुझ्यावर कधी न आलेला राग आता येतो, आणि तू समोर नाहीस.

रविवारी मी बजाजनगरला जाणार आहे. फोटो भिंतीवर लावायच्या आधी सलीमला समोर बसवून सगळं सांगेन. इतकी वर्षं गप्प का बसलात, असं त्याने विचारलं तर लाज वाटत होती म्हणून. तेही सांगेन. फोटोखाली लिहीन: वजन वर गेलं होतं, खाली ठेवायला यांच्या मित्रानं सांगितलं. आणि खाली माझं नाव घालीन.

मग कराचीला जुबेदाला लिहीन. उर्दू लिहून फार वर्षं झाली, चार चुका होतील. तिला आपलं म्हातारपण, तब्येती वगैरे काही कळवणार नाही. एवढंच कळवीन की तिच्या भावाचे हात थकले नव्हते.

तुझा,
दत्ता