अण्णांनी काहीतरी दाबलं असेल

न्यूनेन, नेदरलँड्स, २३ मार्च २०२०, सोमवार

घरून काम करण्याचा दुसरा आठवडा. या काळाचं सोनं करायचं ठरवलं आहे. रोज बारा सूर्यनमस्कार, संध्याकाळी डचचा अभ्यास, शिवाय रोजनिशी. रोजनिशी सुरू झाली, म्हणजे एक तृतीयांश काम झालंच.

भारतात विमानं उतरणं बंद. सासऱ्यांचं तीस तारखेचं तिकीट रद्द झालं. अण्णा सहा आठवड्यांसाठी म्हणून आले होते, आता किती राहतील कोणालाच माहीत नाही. ऋजुताला रडू आलं. मी धीर दिला. संकटात डोकं शांत ठेवणारा घरात एक तरी लागतो.

सूर्यनमस्कार उद्यापासून.

२५ मार्च, पाडवा

महाराष्ट्र मंडळाचा पाडवा यंदा व्हिडिओ कॉलवर. घरातल्या कॉम्प्युटरवरून बसायचं, तर माझ्या मागे कपडे वाळत घालायचा स्टँड येतो आणि त्यावर अण्णांच्या बंड्या. स्टँड हलवायला दुसरी जागा नाही. नेटवर एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. मागे काहीही दाखवता येतं. समुद्र, डोंगर, बुकशेल्फ. बुकशेल्फ घेतलं. इन्स्टॉल करताना बरंच काही विचारत होतं, मी पाच-सहा वेळा ‘नेक्स्ट’ दाबलं. ‘रेकमेंडेड’ लिहिलं होतं, त्यामुळे प्रश्न नव्हता.

फार छान दिसलं. नीउ-व्हेनेपच्या कुशलने सगळ्यांसमोर विचारलं, पुस्तकं किती आहेत. मी म्हटलं, मोजली नाहीत. हे खरंच आहे.

२७ मार्च, शुक्रवार

ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं. कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी चौकोन. कधी कानाची मशीन, कधी पोट कमी करण्याचा चहा, कधी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १,३४७ दोष आहेत’.

जेवताना ऋजुताने विचारलं, कॉम्प्युटरवर कोणी काय टाकलं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत अण्णाच म्हणाले, “माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. काल पंचांग बघताना एक जाहिरात आली होती, ती बंद करायला गेलो.”

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनीत आमच्या टीमचा सिक्युरिटी अवेअरनेसवाला मी. दर महिन्याला ‘क्लिक करण्याआधी विचार करा’ ही मेल माझ्या सहीने जाते. मी म्हटलं, “असू शकतं.”

आणि असू शकतंच. मी खोटं बोललेलो नाही. उद्या सांगून टाकेन, विषय निघाला तर.

२९ मार्च, रविवार

विषय निघाला नाही.

बुकशेल्फ काढून टाकलं. वाईट वाटलं. पण चौकोन यायचे ते येतातच. म्हणून एक फुकट क्लीनर उतरवून घेतला. आता दोन कोपऱ्यांत चौकोन येतात आणि दोष २,१०० झाले आहेत.

अण्णा अकराच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसतात. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, वेळ चुकत नाही. मिरजेला शामलाआत्या असतात, त्यांची थोरली बहीण. आत्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, त्या ओठांवरून वाचतात. त्यामुळे चेहरा स्थिर हवा, उजेड समोरून हवा. फोनवर जमत नाही, कारण अण्णांचा हात कापतो. चाळीस-चाळीस मिनिटं दोघं बोलतात. म्हणजे अण्णा सावकाश तोंड हलवतात आणि आत्या हसतात. आज मध्येच चहावालं पोट आलं. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून ते जाईपर्यंत बसून राहिले.

३ एप्रिल, शुक्रवार

कुशलला फोन केला. त्याचं कामच सायबर सिक्युरिटीचं. एका मित्राच्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर आहे असं सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे. सगळे प्रोग्रॅम तारखेप्रमाणे लाव, ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशीचे अनोळखी सगळे काढ. मग ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स काढ, नोटिफिकेशनच्या परवानग्या बंद कर, शेवटी एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा स्कॅनर तिच्याच साइटवरून घेऊन चालव. आणि मित्राला सांग, इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ घ्यायचं, एकेक टिक वाचायची. वीस मिनिटांचं काम आहे. सासऱ्यांचं फार मनावर घेऊ नका म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं होतंच असं.

मी ‘हो ना’ म्हटलं.

लगेच करणार होतो. पण तारखेप्रमाणे लावलं की २५ मार्च दिसणार, आणि ऋजुता त्याच खोलीत बसून काम करते. योग्य वेळ बघून करेन.

त्याऐवजी अण्णांची शिकवणी घेतली. जाणीव महत्त्वाची. अण्णांनी वहीत लिहून घेतलं, ‘अनोळखी चौकोनाला हात लावू नये.’ मग विचारलं, चौकोन अनोळखी आहे हे ओळखायचं कसं? मी म्हटलं, अनुभवाने येतं. ते म्हणाले, तुम्हाला आहे तो.

कानशिलं तापली. हीटिंग जास्त होतं बहुधा.

१४ एप्रिल, मंगळवार

गुरुवारी ऋजुताचा इंटरव्ह्यू. मास्ट्रिख्टमधल्या एका संस्थेत कायमची जागा आहे, दोन वर्षं ती अशा जागेची वाट बघते आहे. तिच्या लॅपटॉपचा कॅमेरा गेला, नवीन यायला तीन आठवडे. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरून द्यायचा. तिने विचारलं, नीट आहे ना तो आता? मी म्हटलं, उद्यापर्यंत लखलखीत करून देतो.

उद्या दुपारी तीन ते साडेतीन. कॅलेंडरमध्ये टाकलं.

१५ एप्रिल, बुधवार

तीनला ऊन पडलं. या देशात एप्रिलमधलं ऊन घरात बसून घालवणं बरं नव्हे. सायकलवर कॅनॉलपर्यंत जाऊन आलो. मन प्रसन्न. आल्यावर कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. दहा मिनिटं बघत बसलो, एकही चौकोन नाही. आपोआप गेलं असावं.

१६ एप्रिल, गुरुवार, दुपारी अडीच

आपोआप गेलेलं नाही.

तिची चौथी स्लाइड चालू होती. समोर तीन प्रोफेसर. मी दारात उभा होतो, हातात तिच्यासाठी चहा. कोपऱ्यातून एका पुरुषाचं उघडं पोट वर आलं, आधीचं आणि नंतरचं. डचमध्ये, आठ दिवसांत कमी करा. तिने बंद केलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा ब्राउझरच उघडला आणि स्लाइड झाकली गेली. मधला प्रोफेसर खोकला. ती दोनदा सॉरी म्हणाली आणि मग तिला पुढचं वाक्य आठवेना.

संपल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. अण्णा मटार सोलत होते.

“अण्णा, तुम्हाला कळत नाही ना, मग हात कशाला लावता?” ती म्हणाली. “कळत नसेल तर गप्प बसावं माणसाने.”

सात वर्षांच्या संसारात तिला त्यांच्याशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. अण्णांनी हातातली शेंग ताटात ठेवली. “चुकलं,” म्हणाले. “आता नाही लावणार.”

मी दारातच होतो. काहीतरी करायला हवं म्हणून चहा पुढे केला. तिने घेतला. निवला होता.

१७ एप्रिल, शुक्रवार

अकरा वाजले. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी. अण्णा फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. खिडकीतून दिसत होतं. दोन्ही हातांनी फोन धरलेला, तरी हलत होता. आत्या ‘काय?’ असं विचारत असाव्यात, कारण अण्णा तेच तेच पुन्हा म्हणत होते. चार मिनिटांत आत आले.

शनिवारी सांगणार. नक्की.

२० एप्रिल, सोमवार

शनिवारी ऋजुताचं डोकं दुखत होतं. रविवारी रविवार होता.

तांदळाच्या डब्याला रबरबँड लावून अण्णांच्या फोनसाठी स्टँड तयार केला. दीड तास खपलो. कल्पना माझी स्वतःची. अण्णांनी फार कौतुक केलं. फोन दोनदा घसरून पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो हातातच धरला आणि म्हणाले, असू द्या, यशोधनराव, तुम्ही किती करता माझ्यासाठी.



२७ एप्रिल, इथल्या राजाचा वाढदिवस

सगळं बंद, तरी शेजाऱ्यांनी नारिंगी झेंडे लावले. ऋजुताने शिरा केला. बऱ्याच दिवसांनी बापलेक एकत्र हसले. अशा दिवशी सांगून विरस कोण करणार?

५ मे, मंगळवार

मास्ट्रिख्टची मेल. अधिक अनुभव असलेल्या उमेदवाराला घेतलं. ऋजुता म्हणाली, त्या जाहिरातीमुळे झालं नसणार. हे ती अण्णांकडे बघून म्हणाली, समजूत काढल्यासारखं. अण्णा अर्ध्या पोळीवर उठले.

आता अडचण अशी की वाईट दिवशी सांगणं क्रूर, चांगल्या दिवशी सांगणं मूर्खपणा. मध्यम दिवस पाहिजे. एखाद्या मध्यम दिवशी सांगेन.

कंपनीची मासिक मेल पाठवली. विषय, ‘चूक झाली तर लगेच कळवा.’ मागच्या वर्षीचीच कॉपी केली. वाचली नाही.

१२ जून, शुक्रवार

विशेष विमानाच्या यादीत अण्णांचं नाव आलं. स्किपोल विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडतात. सव्वा तास गाडी चालवताना मनात वाक्य तयार केलं. ‘अण्णा, ते मी केलं होतं.’ पाच शब्द. दारापाशी ऋजुता ट्रॉली आणायला गेली. आम्ही दोघेच. याहून योग्य वेळ नव्हती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी मास्क खाली केला.

“यशोधनराव, माझ्यामुळे तुमच्या कॉम्प्युटरचं वाटोळं झालं. ऋजूचंही नुकसान झालं. मनात ठेवू नका.”

मी म्हटलं, “नाही ठेवलं.”

घरी येईपर्यंत ऋजुता रडत होती. मी गाडी नीट चालवली.

३ जुलै, शुक्रवार

अण्णा क्वारंटाइन संपवून मिरजेला आत्यांकडेच राहायला गेले. समोरासमोर बसतात, त्यामुळे आता बोलण्याची अडचण नाही. म्हणजे तो प्रश्न मिटला. असं धरायला हरकत नसावी.

ऋजुता रोज फोन करते. तब्येत विचारते, औषधं विचारते, आणि शेवटी न चुकता, “अण्णा, फोनवर कुठे भलतीकडे दाबलं नाहीत ना?” स्पीकर चालू असतो. अण्णा रोज म्हणतात, “नाही गं.” लहान मुलासारखं.

आज घरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा पोट आलं. ती म्हणाली, अण्णा जाऊन तीन आठवडे झाले, अजून कसं? मी म्हटलं, रेसिड्युअल असतं. शब्द चालून गेला. पण ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

५ जुलै, रविवार

ऋजुता भाजी आणायला आइंडहोव्हनला गेली. कॉम्प्युटर उघडला. प्रोग्रॅम तारखेप्रमाणे लावले. २५ मार्चचे सात. क्लीनरबरोबर आलेले आणखी तीन. सगळे काढले. एक्स्टेन्शन्स काढली, परवानग्या बंद केल्या, स्कॅनर चालवला. तासभर वाट बघितली. काही आलं नाही.

एकूण काम अठरा मिनिटांचं. कुशलने वीस सांगितली होती. सव्वातीन महिने आणि अठरा मिनिटं.

अण्णांना फोन लावला. ठरवलेली पाच शब्दांची ओळ आठवेना. पाडवा, बंड्या, बुकशेल्फ, सगळं उलटसुलट सांगितलं.  

मग अण्णांनी विचारलं, “ऋजूला सांगितलंत का?”

“नाही.”

“आधी तिला सांगायचं होतं. ती मला त्या दिवशी जे बोलली ते तिच्या मनातून जात नाही. रोज फोनवर काहीतरी बोलायला येते आणि थांबते. मला वाटायचं, चूक माझी, तिला कशाला त्रास?” मग म्हणाले, “माझं म्हणाल तर मी पंचांगसुद्धा बघणं सोडलं हो.”

माफ केलं असं म्हणाले नाहीत. नाही केलं असंही म्हणाले नाहीत. आत्या हाक मारतात म्हणून फोन ठेवला.

ऋजुता आली. पिशव्या आत घेतल्या. सांगितलं नाही. ती दमली होती.

६ जुलै, सोमवार

सकाळी सांगितलं. चहाच्या आधी, म्हणजे निवण्याची भानगड नको.

मला वाटलं होतं ती ओरडेल. त्याची तयारी केली होती. ती ओरडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मी स्वयंपाकघरात अण्णांना बोलत होते तेव्हा तू कुठे होतास?

मी म्हटलं, दारात.

ती वर गेली. दार लावून घेतलं. अण्णांशी बोलत असावी. मी जिन्यात बसलो. नुसतं रडणं ऐकू आलं. नऊची मीटिंग बुडाली. पाऊण तासाने खाली आली, तोंड धुतलेलं होतं.

“अण्णा म्हणाले, सोडून दे.”

मला एकदम हलकं वाटलं. मी विचारलं, मग?

“मी अण्णा नाही,” ती म्हणाली आणि कामाला बसली.

कॉम्प्युटर स्वच्छ आहे, हे सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. सबंध दिवस एकही चौकोन आला नाही. घरात तशी शांतताच आहे.

उद्यासाठी काही ठरवलेलं नाही.