रिकाम्या डब्यांची मोजणी

बाबा, आज गुरुवार, दुकान बंद. अर्धं शटर खाली ओढून मी स्टुलावर चढले आहे आणि एकेक डबा काढून, उघडून, आतल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा मोजते आहे. तुम्हाला हे अजिबात आवडलं नसतं, म्हणून मुद्दाम सांगते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डब्याला हात लावला की तुमचा आवाज येतोच, "उघडून काय बघतेस? डबे मी लावलेत." हो, तुम्हीच लावले होते. तीच तर सगळी रड आहे.

लोक अजून म्हणतात, त्या काळात पोरीला फार्मसी शिकवली, केवढ्या मोठ्या मनाचा बाप! मी ऐकून घेते. आपल्या या बोरिवलीच्या दुकानात आधी, कायद्याला लागतं म्हणून, विरारच्या एका म्हाताऱ्या फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं टांगलेलं होतं आणि तो दरवर्षी भाडं वाढवून मागायचा, हे लोकांना कुठे माहीत आहे? मला बी.ए. करायचं होतं. तुम्ही फॉर्म आणलात तो डिप्लोमाचा. मी पास झाले, रजिस्ट्रेशन हातात आलं, त्या दिवशी तुम्ही मला रंगीत कागदात गुंडाळलेली भेट दिलीत. तुम्ही मला दिलेली एवढी एकच भेट. मी अधाशासारखा कागद फाडला. आत सोनेरी कडांची काचेची फ्रेम, बरोब्बर सर्टिफिकेटच्या मापाची. संध्याकाळच्या आत म्हाताऱ्याचा कागद उतरला आणि माझा चढला. तुम्ही मला नाही शिकवलंत बाबा, भिंतीला शिकवलंत. आणि वर गिऱ्हाइकांसमोर "आता कायद्यानं ही जबाबदार" म्हणून हसायचात.

जबाबदार म्हणताय ना, मग मला मोजू द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. कॉलेजात आम्हाला घोकून घेतलं होतं की वहीतला आकडा आणि फळीवरचा माल ठरावीक दिवशी हातानं मोजून जुळवायचा. तुमची पद्धत न्यारीच. एखाद्या औषधाचा डबा संपला की तो फेकायचा नाही. झाकण नीट बसवून पुन्हा पुढच्या ओळीत उभा करायचा, म्हणजे दुकान भरलेलं दिसतं. समोरच नवं दुकान उघडलं होतं, तिथल्या फळ्या गच्च भरलेल्या, त्याची तुम्हाला पोटदुखी. "झाकली मूठ सव्वा लाखाची," हे तुमचं ठरलेलं उत्तर. इथवर मी समजून घेते. पण महिनाअखेरीला तुम्ही गल्ल्यामागच्या खुर्चीत बसूनच मोजणी करायचात! मान वर करून फळीकडे बघायचं, डब्यांची तोंडं मोजायची आणि वहीत लिहायचं. आपणच उभे केलेले रिकामे डबे, आपणच भरलेले समजून. स्वतःचं सोंग स्वतःलाच खरं वाटायला लागलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

रंगीत टीव्ही घरी आला, त्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. टीव्हीपायी तुम्ही मालाची ऑर्डर निम्म्यावर आणली होती. मी म्हटलं, निदान फिटच्या, शुगरच्या, हार्टच्या गोळ्या तरी उघडून मोजते, दिवाळीत होलसेलवाले बंद असतात. मी स्टुलावर चढते, पहिला डबा उघडते, आणि तुम्ही येऊन माझ्या पायाखालचं स्टूल धरून हलवता. चार गिऱ्हाइकं उभी आहेत. "उतर खाली! भर दुकानात रिकामे डबे दाखवतेस? चार बुकं शिकलीस म्हणून बापाला मोजायला शिकवणार?" मी उतरले. उतरले नसते तर पडले असते.

आणि पाडव्याला गोराईची मावशी आली. तिला विसरला नसालच. मासळी विकायला खाडी ओलांडून यायची, टोपली बाहेर ठेवून काउंटरला हात न लावता उभी राहायची, तुम्हाला वास आवडत नाही म्हणून. तिच्या मुलाला फिट यायची. तरणाताठा मुलगा, होडीवर जायचा, गोळ्या वेळेवर घेतल्या की काही त्रास नाही. मी फळीकडे वळले. त्या गोळ्यांचे चार डबे ओळीनं उभे. पहिला उघडला, रिकामा. दुसरा रिकामा. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "मागचा बघ, मागचा." मागचाही रिकामाच होता, आणि चौथाही. समोरच्या दुकानाला टाळं, स्टेशनकडची दुकानं पूजा करून बंद. मावशी म्हणाली, "भाऊबीज झाली का येते मंग," आणि टोपली उचलून गेली.

भाऊबीज झाल्यावर ती आली ती ओरडतच. मुलाला जेट्टीवर फिट आली होती. दगडावर आपटला, समोरचे दात गेले, हात कोपरात मोडला. तो हात पुढे वाकडाच जुळला आणि पोरगा पुन्हा समुद्रावर गेला नाही. "डब्यांनी फली भरलीय नि माज्या पोराला गोली नाय? कोन बघतं तुमच्यात?" मावशी विचारत होती. कोण बघतं! मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलंत. "मोजणी हिच्याकडे असते, मावशी. नवीन आहे. पोरीची चूक झाली, मी हात जोडतो." आणि खरंच जोडलेत हो! काय हात जोडलेत! मावशीचा राग तिथल्या तिथे तुमच्यावरून उतरला आणि माझ्यावर येऊन बसला. घरी जाताना तुम्ही मला म्हणालात, "धंद्यात असं करावं लागतं. तुझं काय गेलं?"

माझं काय गेलं. तुमचं श्राद्ध भाऊ घालतो, मी जात नाही, ते यासाठी. तुम्ही चुकलात म्हणून नाही. माणूस चुकतो. पण एकदा, नुसतं घरात, दार लावून, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं" एवढं म्हणाला असतात तर मी ते सगळं गिळलं असतं. तुम्ही त्या आठवड्यात चारही डबे पुन्हा जागेवर उभे केलेत.

तुम्ही गेल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की सगळे रिकामे डबे पोत्यात भरून भंगारवाल्याला दिले. फळ्या इतक्या ओस दिसायला लागल्या की भाऊ म्हणाला, दुकानाची वाट लागली. लागू दे म्हटलं. आता जे दिसतं ते आहे.

मावशी अजून येते. म्हातारी झाली, टोपली सुटली, पण मुलाच्या गोळ्या न्यायला स्वतःच येते. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "देवमानूस होता तुजा बाप. तुजी चूक पोटात घातली त्यानं." मी "हो मावशी" म्हटलं. का म्हटलं, मला विचारू नका. तुमच्या हयातीत ती पुडी न बघता पदराला बांधायची. माझ्याकडून घेताना काउंटरवर सगळ्या स्ट्रिपा पसरते, बोट ठेवून एकेक गोळी मोजते, इतकी वर्षं, दर खेपेला. मी समोर उभी राहते.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे. फक्त एक गोष्ट तुम्हाला कळलेली बरी. तिला खरं सांगायचं मी दर महिन्याला ठरवते. पण मोजून झालं की ती मान हलवते, "बरोबर हाय" म्हणते, आणि बाबा, तेवढं ऐकलं की मी गप्प बसते.