स्पेसबारखालची सुपारी

विश्वा,

तुझ्या लॅपटॉपची बटणं का अडकतात ते सापडलं. रीस्टार्ट करून फरक पडला नाय, बाहेरचा कीबोर्ड मात्र नीट चालला. म्हणून स्पेसबार उचकटला. शी! खाली गुटख्याची सुपारी, थुंकीनं चिकटलेली. हाताचा वास अजून जात नाय. आणि आईसमोर शपथ घेतली होतीस सोडला म्हणून!

बटणं स्पिरिटनं पुसून वाळत ठेवलीत, तुझी तूच बसव. मी चारा छावणीत कामावर चाललेय.

हल्ली तू ठेच्याला हात लावत नाहीस, तोंड झोंबतं म्हणतोस. आम्हाला पित्त वाटलं. आबांचा तोंडाचा कॅन्सरही असाच तिखट झोंबण्यापासून सुरू झाला होता.

संध्याकाळी माझ्यासमोर तोंड उघडायचं. उभी तीन बोटं आत गेली पाहिजेत. आबांच्या तोंडात शेवटी एकच जायचं.

ताई