सात बदाम आणि शिरपूरची सोयरीक

जळगाव,
शनिवार, ता. १७ जानेवारी

तीर्थरूप लताक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, हिलालचा, वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून. दिवाळीपासून सहा किलो उतरलो आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्तच वाकता येतं. पण त्याबद्दल अभिनंदन करू नकोस, मला राग येतो.) दाजींचा गुडघा कसा आहे? धुळ्याला थंडी फार असेल, त्यांना सकाळी ओट्यावर बसू देऊ नकोस. इकडे सर्व ठीक. म्हणजे दिपमाला ठीक आहे, भूषण ठीक आहे आणि मी आहे.

फोन सोडून पत्र का लिहितो आहे, असं तुला वाटेल. मंगळवारी तू फोनवर मला "हिल्या, तू शिरपूरला काय दिवे लावून आलास?" म्हणून विचारलंस आणि मी "हो अक्का, थंडी आहे" असं उत्तर दिलं. तुला वाटलं असेल याचे कान गेले. कान शाबूत आहेत. तुझी भावजय दिपमाला शेजारी उभी होती. या घरात माझा फोन आता माझा राहिलेला नाही; त्यात माझी साखर नोंदवतात, माझी पावलं मोजतात, आणि मी कोणाशी काय बोललो हेही बहुतेक कुठेतरी साठत असणार. म्हणून कागद घेतला. माझ्या पोराची, भूषणची, ही सोयरीक तू आणलीस, शिरपूरला शब्द तुझा गेला आहे, तेव्हा खरं काय घडलं ते तुला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

मुळापासून सांगतो. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर नऊला टेकलेली. डॉक्टरांनी गोळी दिली, ती मी मुकाट्याने घेतली असती आणि विषय तिथंच संपला असता. पण दिपमाला मला एका आहारवाल्या बाईंकडे घेऊन गेली. बाई पंचविशीच्या, बोलायला गोड (बोलायलाच). त्यांनी एका कागदावर रेघ मारली आणि रेघेच्या डाव्या बाजूला जे जे मी साठ वर्षं खात आलो ते सगळं लिहिलं: भाकरी, पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, गूळ, केळं. मी म्हटलं, ताई, आता उरलं काय? त्या हसून म्हणाल्या, काका, खूप काही उरतं. आणि उजव्या बाजूला त्यांनी पालक लिहिला.

जळगावात राहून केळं बंद, हे तू समजून घे. घरापासून चौकापर्यंत जाताना चार हातगाड्या लागतात आणि चारही केळीवाले मला नावाने हाक मारतात. डिसेंबरात आमच्या एसटी डेपोच्या जुन्या मंडळींनी शेतात भरीत पार्टी केली. वांगं चालतं म्हणून मला सोडलं. सगळे कळण्याची भाकरी मोडून भरीत खात होते आणि मी चमच्याने! एकाने विचारलं, "कंट्रोलर साहेब, दात काढले का?" (निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी लोक कंट्रोलर म्हणतात. घरात कोणी म्हणत नाही.)

पण हे सगळं मी सोसलं असतं अक्का, मला हैराण केलं ते साडेचारच्या खाऊनं. आहारवाल्या बाईंचं म्हणणं, दुपारी भूक लागली की माणूस शेव-चिवड्याकडे वळतो, म्हणून त्या वेळी सुकामेवा खायचा. कसा, तर सात बदाम रात्री भिजवून सकाळी सोललेले, अक्रोडाच्या चार फोडी आणि दहा शेंगदाणे भाजलेले, बिनमिठाचे. काजू नाही, त्यात म्हणे साखर वाढवणारा भाग जास्त. खारे पिस्ते नाहीत, बेदाणे तर नाहीतच. मी विचारलं, सातच का? पंधरा का नाही? तर म्हणे बदामात तेल फार, मूठभराच्या वर गेलं तर वजन परत चढेल. म्हणजे पोट भरेल इतके खायचे नाहीत आणि न खाऊन चालायचं नाही. सात बदाम खायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं, अक्रोडासकट चार मिनिटं, तेही गाईसारखं रवंथ करत. पुढे साडेआठपर्यंत माणसानं काय करायचं ते कागदावर कुठंच लिहिलेलं नाही.

सुकामेवा आणायला मी मांगीलालकडे जातो. फुले मार्केटजवळ त्याचं दुकान आहे, माझ्याच वयाचा, चांगला माणूस. पण पूर्वी गूळ-शेंगदाणे बांधून देणारा हा माणूस आता मला पाहिलं की स्टुलावर बसवतो आणि बदामाच्या जाती समजावतो. परवा म्हणाला, अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूला चांगला. मी म्हटलं, मांगीलालभाई, साखर पोटात आहे, मेंदूत नाही. तर म्हणतो, तीही उतरेल. आणि हे सांगताना तो स्वतः खजूर खात होता.

साडेचार चुकू नयेत म्हणून दिपमालाने माझ्या फोनवर गजर लावला. तीस वर्षं स्टँडवर बसून मी गाड्या वेळेवर सोडल्या, आता एक फोन मला सोडतो. सोबत स्टीलची छोटी डबी. बाहेर जाताना ती खिशात घालायचीच. संक्रांतीलाही तिनं माझ्या हातावर नुसते तीळ ठेवले. मी म्हटलं, गूळ? तर म्हणे, तुम्ही गोड नाही बोललात तरी चालेल, सवय आहे.

आता शिरपूर. गेल्या रविवारी मी, दिपमाला आणि भूषण मुलगी पाहायला गेलो. निघताना दिपमालाने गाडीत बजावलं होतं, साखरेचं नाव तिथं काढायचं नाही. सोयरीक ठरण्याआधी असं काही निघालं की लोक मागच्या सात पिढ्या तपासतात, मुलाला पण होईल म्हणतात. मी हो म्हटलं. तिथंच माझं चुकलं.

मुलीचे वडील शालिग्रामभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन आहेत हे तू सांगितलंच होतंस. माणूस कमी बोलणारा, पण घर असं स्वच्छ की चप्पल बाहेर काढतानासुद्धा संकोच वाटावा. त्यांची आई, ऐंशीच्या पुढची, बाजेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवून. मुलगी जागृती, फार्मसी झालेली, डोळ्यात डोळे घालून बोलते. भूषणने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर पूर्ण वेळ पंख्याकडे पाहत बसला, तेव्हाच मी ओळखलं की काम झालं. पोहे आले. अक्का, काय पोहे होते! वर शेव, खोबरं, बाजूला बालुशाही. मी मनात ठरवलं, एक दिवस. देवालाही एक दिवस चालतं. बशी हातात घेतली, चमचा तोंडाजवळ नेला आणि खिशात गजर वाजला.

दिपमाला आत बायकांसोबत होती. गजर बंद केला तोच आतून ती खोकली. दोनदा. सदतीस वर्षांच्या संसारात मला त्या खोकल्याचा अर्थ विचारावा लागत नाही. मी बशी खाली ठेवली. आणि मग, मला खरंच माहीत नाही का, निव्वळ सवयीनं हात खिशात गेला, डबी निघाली, आणि परक्याच्या घरी, त्यांनी केलेले पोहे समोर ठेवून, मी माझ्या घरचे बदाम खायला लागलो.

शालिग्रामभाऊ बशीकडे पाहत राहिले. म्हातारीनं विचारलं, "काय व्हयनं भाऊ? आमना घरनं चालत नही का तुमले?"

घाईघाईत मी म्हटलं, "तसं नाही माय, उपास आहे."

म्हातारी खूश झाली. तिनं आत हाक दिली, पाहुण्यांचा उपास शे, साबुदाणा टाका! साबुदाणा घरात भिजवलेला तयारच होता. वीस मिनिटांत खिचडी आली. साजूक तुपातली, दाण्याचं कूट घातलेली, वाफाळती. साबुदाणा त्या कागदावर डाव्या बाजूला वरून पाचवा. आतून पुन्हा खोकला. मी म्हटलं, हा उपास जरा कडक आहे, साबुदाणाही चालत नाही. म्हातारीनं विचारलं, कोणत्या देवाचा? मला रविवारचा देव पटकन आठवेना अक्का. मी म्हटलं, आमच्या कुलदैवताचा. तेवढ्यात भूषण, ज्याला साखरेचं बोलू नको हे सांगितलेलं होतं पण उपासाचं काहीच माहीत नव्हतं, दुसरी बालुशाही उचलत म्हणाला, "आपल्याकडे कुठं असा उपास असतो, बाबा?"

आम्ही निघालो तेव्हा जागृतीची आई बाहेर आलीच नाही. आणि मंगळवारी तुझा फोन आला, की शिरपूरचे लोक म्हणताहेत, पाहुण्यांनी आमच्या घरचा घास घेतला नाही, मुलगी पसंत नसल्याचं तोंडानं सांगायचं होतं. तू हेही म्हणालीस की याआधी दोन ठिकाणांहून त्या मुलीला नकार आला आहे, आणि तिची आई रविवारपासून जेवलेली नाही. ते ऐकून मी फोन ठेवला आणि साडेचारचा गजर वाजला तरी डबी उघडली नाही. एका बाईनं माझ्यामुळे ताट सरकवून दिलं होतं. दिपमालाला म्हटलं, आपण फोन करून खरं सांगू. ती म्हणाली, थोडं थांबू, अक्का सांभाळून घेतील. भूषण नुसता पंख्याकडे पाहत होता, आणि पंखा बंद होता.

गुरुवारी सकाळी मी दिपमालाला म्हटलं, धुळ्याला अक्काकडे जाऊन येतो, आणि चोपड्याची गाडी पकडली, तिथून शिरपूर. शालिग्रामभाऊ घरीच होते. बसा म्हणाले, पण पाणी विचारलं नाही. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "भाऊ, मला साखर आहे. उपास खोटा, कुलदैवत खोटं. पोरगी आम्हाला लाखात पसंत आहे. भूषणला साखर नाही, त्याचं रक्त तपासून घ्या. पण माझ्या डबीपायी तुमच्या पोरीला नाव ठेवू नका."

ते म्हणाले, "साखर? एवढंच?" आणि खुर्चीवर असे बसले की जणू आठवडाभर उभेच होते.

दारात जागृती उभी होती. म्हणाली, "काका, मी रविवारीच ओळखलं होतं. धडधाकट माणूस बदाम असे मोजून खात नाही. पण मी कशी बोलणार?" (अक्का, ही मुलगी आपल्या घरात आली तर माझं काही खरं नाही. तरी आली पाहिजे.) तोवर म्हातारीनं फर्मान काढलं, जेवल्याशिवाय जाणं नाही. वरण-बट्टी केली. जागृती म्हणाली, काका, दोन बट्ट्या पुरे. पण म्हातारी समोर पाय पसरून बसली होती आणि ती मोजत होती, मीही मोजत होतो, आणि तिचं मोजणं वेगळं होतं. तिसरी खाल्ली तेव्हा ती हसली. चौथीला तिनं वरून तूप सोडलं. पाचवीला जागृतीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोपऱ्यात ताट घेऊन बसली, रविवारनंतर पहिल्यांदा. आता तूच सांग, मी चौथ्या बट्टीवर थांबायला हवं होतं का?

फेब्रुवारीत सुपारी फोडायची ठरली आहे. तारीख शालिग्रामभाऊ तुला कळवतील. तुझा शब्द राहिला.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हिलाल

ता. क. मुख्य काम राहिलंच. काल सकाळी दिपमालाने मशीनवर माझी साखर पाहिली, ती दोनशे चाळीस निघाली. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. तिचा तुला फोन येईल. तेव्हा एवढंच सांगायचं की गुरुवारी मी दिवसभर धुळ्याला तुझ्याकडेच होतो, मेथीची भाजी आणि ताक घेतलं आणि दुपारी पडून राहिलो. शिरपूरच्या लोकांनी आपणहूनच गैरसमज काढून टाकला असं म्हण. भावासाठी एवढं कर.

ता. क. अक्का, मी दिपमाला. यांना डिंकाची बाटली सापडेना, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडेच देऊन नाक्यापर्यंत गेले. मी वाचलं. नवीन काही नव्हतं. जागृतीच्या आईचा फोन मला गुरुवारी दुपारी साडेतीनलाच आला होता, हे बट्टीवरून उठायच्या आत. ती बाई बोलता बोलता रडली. मी यांना काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही, तुम्हीही कळू देऊ नका. खरं तर रविवारी मी खोकले नसते तर हे झालंच नसतं, ते मला कळतं. पण डॉक्टर म्हणाले, भावाला आहे तर बहिणीचीही साखर एकदा तपासून घ्या, आणि तुमचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट दाजींनी मला फोनवर वाचून दाखवला आहे. पुढच्या शनिवारी पहिल्या गाडीनं मी धुळ्याला येते. उपाशीपोटी राहा. चहासुद्धा घेऊ नका.