‘जुनं’ नावाचा फोल्डर

२ फेब्रुवारी, रविवार
संकल्प. घरच्या कॉम्प्युटरची देखभाल यापुढे मी जातीने करणार. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलंय. आता तिला माझ्याशिवाय कोण आहे? बायको म्हणते, नवा घेऊ. मी म्हटलं, नीट सांभाळलं तर यंत्र माणसाला पुरून उरतं. ऑफिसात प्रिंटर अडला की सगळा सेक्शन मलाच हाक मारतो. उगाच नाही.
आज आतली धूळ काढणार होतो. स्क्रूड्रायव्हर सापडेना. पुढच्या वेळी.

९ फेब्रुवारी
मशीन सुरू होईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कप विसळूनही होतो. (कप बायको विसळते.) डिस्क गळ्यापर्यंत भरली आहे.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे आहेत. दुपारी त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. सकाळी मायलेकी तिथेच बसतात. माहेरचे सगळे फोटो स्कॅन करून झालेत. आता सासूबाई एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून हा कोण, ती कोण सांगतात आणि बायको टाइप करते. ही माणसं ओळखणारी आई एकटीच उरली आहे, असं बायको म्हणाली. मग एकदम विचारलं, बॅकअप घेतलाय ना?
मी म्हटलं, केव्हाच.
म्हणजे घेणारच होतो. जेवण झाल्या झाल्या घेतला. स्क्रीनवर ‘आईचे फोटो’ असं लिहिलेलं चित्र होतं, ते उचलून पेन ड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. मशीन जुनं असलं तरी हात कुणाचा!

१६ फेब्रुवारी
मोहीम फत्ते. बायको बाजारात, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या. आधी डिस्क क्लीनअप केलं. त्याने फारसा फरक पडेना, म्हणून हाताने खोल सफाई. ‘जुनं’ नावाचा एक अगडबंब फोल्डर सापडला. जुनं काय करायचंय? उडवला. रिसायकल बिनही रिकामी केली. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. मग डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेलं सामान सरकवून ओळीने लावणं. रिकामी झालेली जागा छान भरून निघाली.
आता मशीन पाणी उकळायच्या आत सुरू होतं. बायकोला दाखवलं. बरं झालं म्हणाली. एवढंच.

१७ फेब्रुवारी, सकाळ
बायकोची हाक ऐकली तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं कळलं. ‘आईचे फोटो’ हे नुसतं वरचं चित्र होतं. खरे फोटो आणि नावांची फाइल ‘जुनं’मध्ये होती.
मी म्हटलं, व्हायरस असू शकतो. यात खोटं काय? असू शकतोच.
सासूबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “काल डाव मांडताना कसलीशी चौकट आली होती. मी ‘होय’ दाबलं. माझ्याच हातून गेलं गं.”
मी हो म्हटलं नाही. हे नोंदवून ठेवतो. नाही असंही म्हटलं नाही, पण ऑफिसला उशीर होत होता. शिवाय बॅकअप आहे!

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
बॅकअप नाही. पेन ड्राइव्हवर आहे तो शॉर्टकट. घर हलवायला गेलो आणि दारावरची पाटी तेवढी घेऊन आलो.

१९ फेब्रुवारी
हार मानणार नाही. सिस्टिम रिस्टोअर केलं. मशीन मागच्या तारखेला गेलं. परत काय आलं? फेकून दिलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर.
मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी याच धंद्यात आहे. म्हणाली, बाबा, त्याने सिस्टिम परत येते, आपल्या फायली नाही येत. फोल्डर मीच उडवल्याचं आणि डिफ्रॅगचं मी जरा हळूच सांगितलं. म्हणाली, म्हणजे पुसलेल्या फायलींच्या जागी दुसरं सामान बसलं. मग म्हणाली, आजीला वाटतंय तिनेच केलं. तू सांगितलंस का तिला?
मी म्हटलं, आवाज तुटतोय. तुटत नव्हता.

२१ फेब्रुवारी
सासूबाईंनी पत्ते सोडले. कॉम्प्युटरच्या टेबलाला वळसा घालून वॉकर नेतात, जणू ते चावणार आहे. आज माझी माफी मागितली. जावईबापू, तुमच्या मशीनची मी वाट लावली म्हणाल्या.
मी म्हटलं, होतं असं कधी कधी.
होतं असं! हे बोलताना जीभ कशी झडली नाही? वर त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली. ती मी खाल्लीही. उद्या सांगणार. नक्की.

२२ फेब्रुवारी
नाही सांगितलं. त्यांचं ब्लडप्रेशर जरा वाढलंय. कशामुळे वाढलंय हा विचार मनात आला, तो बाजूला सारला. आधी फायली परत आणतो, मग सांगतो. म्हणजे दुःखाबरोबर आनंदही देता येईल.

२३ फेब्रुवारी
मुलीने सुचवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर सकाळी लावलं. दुपारपर्यंत फोटो वर येऊ लागले. कुणाच्या धडावर कुणाचं डोकं, कुणी हनुवटीखाली राखाडी. आणि मग नावांची फाइल! मी ओरडलोच. दोघी धावत आल्या. सासूबाई तर वॉकर विसरून.
फाइल उघडली. पानभर चौकोन. दुसरं पान, तेही चौकोन.
सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, “माझ्या एका बोटाने केवढं करून ठेवलं.”
“तुमचं बोट नव्हतं,” मी म्हटलं. “मी उडवलं. त्या रविवारी.”
बायको आत गेली, गॅस बंद करून आली. “इतके दिवस आईला रडू दिलंत?”
या वेळी मी व्हायरसचं नाव काढलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मी नव्हते.” दोनदा म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता खुर्ची ओढली आणि पत्ते उघडून द्यायला सांगितले.
जेवायला मला कुणी हाक मारली नाही. स्वतः जाऊन बसलो.

१ मार्च
फोटोंच्या मूळ प्रती ट्रंकेत आहेत, हे नशीब. मुलगी आली, सगळे पुन्हा स्कॅन करून गेली. नावं मी टाइप करायची, असा बायकोचा हुकूम आहे. दिवसभर बसलो. अण्णामामा, त्यांची पहिली बायको, त्यांची दुसरी, दोघींच्या मधोमध उभा असलेला गोरापान दिवाणजी, ज्याच्याबद्दल पुढे विचारायचं नाही.
मग शाळेच्या पायऱ्यांवरचा फोटो. सासूबाई, आणि त्यांचा हात धरून दोन वेण्यांची एक मुलगी. बोट तिथेच थांबलं. ओठ हलले. नाव येईना. मी ‘क’पासून अक्षरं सांगत गेलो.
“मागच्या वेळी पटकन आलं होतं हो,” त्या म्हणाल्या. बायकोलाही आठवेना. ते नाव त्या चौकोनांत कुठेतरी आहे.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या, लिहा, मैत्रीण.
लिहिलं. सेव्ह केलं. पुन्हा सेव्ह केलं.

३ मार्च
मशीन सुरू केलं तर पडद्यावर माझं नावच नाही. मुलगी जाताना सगळं बदलून गेली आहे. माझ्यासाठी एक खातं आहे, ‘पाहुणा’. नियमाने पाहिलं तर हेच सुरक्षित असतं. जाणकारही हेच सुचवतात.
फक्त घड्याळ थोडं मागे आहे, ते नीट करावं म्हटलं. संदेश आला, यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सासूबाई आहेत.
खोलीच्या दारात उभा राहिलो. त्यांनी विचारलं, काय करायचंय? मी म्हटलं, काही विशेष नाही, जरासं नीट करायचंय.
त्या म्हणाल्या, नको.