तैपिंगच्या यादीतला शेवटचा पदार्थ

बॉथेल (अमेरिका), ता. १४ जून २०२५

चि. सौ. प्रीतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उशिराबद्दल रागावू नकोस. चष्मा सापडत नव्हता असं लिहिणार होतो, पण तो माझ्या नाकावरच असतो.

इथे सगळे बरे. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात.

अगं, मलेशियात तुझ्या तैपिंगला काय काय खायचं याची यादी पाठवलीस की परीक्षेचा पेपर? मी सातवी शिकलेला माणूस. चार-क्वे-त्याओ, पोपिया, चेंडोल! वाचतानाच जीभ अडखळते, खाणार कधी? वर तुझ्या टिपा : ‘यात कोळंबी असते, नको म्हणून सांगू’, ‘यातलं अंडं काढून देतात’. काढून देतात म्हणजे? कढई तीच ना? झारा तोच ना? माझ्या रक्तदाबाचा तरी विचार कर.

इकडे प्रसादची रोज भुणभुण. “बाबा, परतताना ताईकडे उतरायचंय की सरळ पुणे? महिनाअखेर बुकिंग करतोय, डिसाइड करा ना!”

शनिवारी त्याने इथल्या मलेशियन हॉटेलातून नासी लेमाक आणलं, सवय व्हावी म्हणून. नारळाच्या दुधातला भात, काकडी, शेंगदाणे, लाल चटणी. शुभाने वरचं अंडं आणि तळलेले बारीक मासे उचलले आणि म्हणाली, “घ्या बाबा, झालं व्हेज.” मी भीतभीत खाल्लं. चटणी दोनदा मागून घेतली. मग रुहीने डब्यावरचं वाचलं. “आजोबा, चटणीत श्रिम्प आहे! अँड यू लाइक्ड इट!” नवराबायको पोट धरून हसले. यांना काही धरबंदच नाही. मी तडक बेसिनकडे गेलो.

पण चूळ भरली नाही. चव गेली असती.

मग तुझ्या यादीतला शेवटचा पदार्थ पुन्हा वाचला : ‘भात, घरी, सासूबाईंच्या हातचा.’ सहा वर्षांपूर्वी त्या माउलीने माझ्यासाठी कोरं पातेलं आणलं होतं. त्याच्यावरचा कागदही निघाला नव्हता. भाताला वास येतो म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो. वास कसलाही नव्हता, प्रीता. मला तुझं लग्न पचत नव्हतं, खापर भातावर फोडलं. तेव्हापासून तुझे फोनही उचलले नाहीत.

त्यांना विचार, मला अजून जेवायला वाढतील का? वेगळं पातेलं नको म्हणावं.

आणि पत्र नको लिहू, त्याला पंधरा दिवस लागतात, तोवर प्रसाद तिकीट काढून मोकळा होईल. फोन कर. लवकर कर. या वेळी उचलीन.

तुझा,
बाबा