विहीणबाईंची गोळी

३ डिसेंबर, मंगळ.
फिरत्या दवाखान्याची आमची गाडी रिठद गावाकडे. देवळाच्या ओसरीत दवाखाना मांडला. आधी लेकरांची वजनं, मग शाळेच्या पोरींचं रक्त, शेवटी म्हातारी मंडळी. गंगूमावशीचं बी.पी. पुन्हा वर. डॉ. मॅडमनी दोनदा मोजलं. गोळ्या घेतेस का, तर घेतो. पाकीट दाखव, तर रिकामं. महिन्याचं पाकीट, देऊन पंधरा दिवससुद्धा झाले नाहीत. चिडलेच मी. ती आपली हसतेय. याच गावात एकाला लकवा मारला, तोही असाच हसायचा. नवं पाकीट दिलं, पण जातात कुठे गोळ्या?

५ डिसें.
मुद्दाम मावशीच्या घरी गेले. मालेगावची विहीण मुक्कामाला आहे. मावशीची लेक रेखा तिच्याच घरी दिलेली. विहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या शिबिरात झालं, आमच्या गाडीवर डोळा दाखवायला सोपं पडतं म्हणून इथेच राहिली.
चहा आला. विहिणीच्या बशीत दोन बिस्किटं आणि बी.पी.ची एक गोळी. मावशीच्या बशीत नुसतं बिस्कीट. कपाळाला हात लावला. मावशी म्हणते, "मी एकटीनं गोळी खावं अन् विहीनबाईनं पाहात राहावं? रीत हाये का थे?" गोळ्या कमी पडल्या की आधी पाहुणीला. झालं.
विहिणीचं बी.पी. मोजलं. आजार नाहीच, उलट कमी. उठताना भोवळ येते म्हणाली, ऑपरेशनचा अशक्तपणा असेल. मी सांगितलं, अशक्तपणा नाही, ही गोळी. बंद करा. मावशीचा चेहरा पडला. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "आज मी हात आखडला त उद्या माया रेखाले तिकडं ऐकावं लागीन. तुले नाही समजत का?"
समजतं. माझीही लेक दिलेली आहे.

१० डिसें., मंगळ.
डॉ. मॅडम हुशार. विहीणबाईंना खुर्ची देऊन सगळ्यांदेखत तपासलं. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, या खास तुमच्या म्हणून. मान मिळाला, बाई खूश. मावशी त्याहून खूश. येताना ड्रायव्हरभाऊंनी गाडी थांबवून सगळ्यांना भजी खाऊ घातली. मिटलं एकदाचं, असं वाटलं.

१६ डिसें.
कुठलं मिटतंय. गावच्या आशाताईचा फोन. विहीणबाई काल गेल्या, नवरा न्यायला आला होता. मावशीनं ओटी भरली. खण, नारळ, गहू आणि वर बी.पी.च्या गोळ्यांचं पाकीट. आशाताई हसत होती, मला हसू येईना.
लगेच मालेगावला फोन. रेखानं उचलला, सासूला दिला. म्हातारीला न दुखावता कसं सांगावं याची जुळवाजुळव चाललेली, तर तीच म्हणाली, "मी नाही घेत थ्या गोळ्या. तू सांगितलं तवापासून बशीतली गोळी पदराले बांधून ठेवत होतो. पन तोंडावर नाही कशी म्हनू? लय मायेनं देते थे. तू तिले दुसऱ्या दे बाई. अन् मी घेत नाही हे नको सांगू."
फोन ठेवला आणि रडूच आलं. दोघी सारख्याच वेड्या.

१७ डिसें., मंगळ.
मावशीचं बी.पी. होतं तिथेच. हातापायाला मुंग्या येतात म्हणे. डॉ. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. नवं पाकीट दिलं, पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. पाण्याचा गडवा धरून मला विचारते, "विहीनबाई वेळच्या वेळी घेऊन राह्यल्या ना?"
हो म्हटलं तर हेही पाकीट मालेगावला. नाही म्हटलं तर तिकडच्या म्हातारीला दिलेला शब्द... आधी तू गीळ, म्हटलं. गिळली. मग पाकिटातली गोळ्यांची अर्धी पट्टी कात्रीनं नीट कापली आणि माझ्यादेखत बाजूला ठेवली. रेखा संक्रांतीला येणार आहे, तिच्या हाती धाडायला.
गाडी निघायची वेळ झाली होती. भाऊ हॉर्न वाजवत होते. मी तिथेच बसून राहिले.